‘स्वतःबद्दल लिहा’ : एका प्रश्नाचा इतिहास

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की परदेशी पीएचडीच्या अर्जांची धांदल सुरू होते. गुणपत्रिका, शिफारसपत्रं, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सगळं धावपळ करून जमतं. गाडी अडते ती एका कागदावर. कुणी त्याला एसओपी म्हणतं, कुणी पर्सनल स्टेटमेंट, कुणी पर्सनल एसे. अर्थ एकच : आम्हाला तुमच्याबद्दल सांगा.

पाच वर्षं वसाहतकालीन महसुलावर तावातावाने बोलणारी माणसं या कागदापुढे गप्प होतात. मग नमुने शोधले जातात, सीनियर्सच्या फायली मागितल्या जातात, आणि शेवटी तेच वाक्य उतरतं : ‘लहानपणापासूनच मला या विषयाची आवड होती.’

एसओपीच्या ‘दहा टिप्स’ जिकडेतिकडे मिळतात, त्या मी इथे देणार नाही. आपण इतिहासवाले आहोत, तर या कागदाकडे इतिहासाच्या नजरेने बघू. हा प्रश्न विचारायला सुरुवात कुणी केली, का केली, आणि लोकांनी उत्तरं कशी दिली? मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. अर्जातला ‘मी’ एकट्या अर्जदाराच्या मनातून येत नाही, तो विचारणाऱ्याच्या प्रश्नातून घडतो. म्हणून आधी प्रश्न ओळखायचा. मग आपलं काय त्याला द्यायचं आणि काय स्वतःजवळ ठेवायचं, हे आपण ठरवायचं.

एक अर्जदार, तीन वाचक

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो : नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळाचा मृत्यू, मग डॉक्टर होण्याचा ध्यास, अमेरिका, १८८६ साली पदवी आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात अकाली अंत. पण संशोधक म्हणून आपण थोडा वेगळा प्रश्न विचारू. आनंदीबाईंचा ‘अर्ज’ कसा होता?

बारकाईने पाहिलं तर अर्ज एक नाही, तीन दिसतात.

पहिला त्यांनी लिहिलेलाच नाही. तो नवऱ्याने लिहिला. गोपाळराव पोस्टात कारकून होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आणि आपल्याला तिथे काही काम मिळेल का हे बघायचं, म्हणून त्यांनी मिशनऱ्यांमार्फत खटपट केली. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि सोबत स्वतःचं उत्तरही छापलं. त्याचा मथितार्थ असा, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. म्हणजे वाचणाऱ्याला एक ठरावीक गोष्ट हवी होती : अंधारातून उजेडात आलेल्या माणसाची. गोपाळरावांची गोष्ट त्या साच्यात बसत नव्हती, म्हणून ती तिथे नापास झाली. गंमत बघा, तोच छापील पत्रव्यवहार १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. कागद तोच, वाचणारी व्यक्ती वेगळी. निकाल उलटा.

दुसरा अर्ज भाषणाच्या रूपात आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई इंग्रजीतून बोलल्या. लोक त्यांना जे प्रश्न विचारून भंडावत होते, तेच घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मी का करायचं? इथे वाचणारा, म्हणजे ऐकणारा, स्वतःचाच समाज होता. त्याला हवी होती ग्वाही. ती त्यांनी दिली : हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येऊन राहीन.

आता हे सहा प्रश्न पुन्हा वाचा आणि आजच्या एसओपीशी ताडून बघा. हेच विद्यापीठ का? आपल्या देशात हे का होणार नाही? खर्च आणि आधार कुठून? धोका काय? तुम्हीच का? सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली, पण प्रश्नपत्रिका फारशी बदललेली नाही.

तिसरा अर्ज म्हणजे खराखुरा प्रवेशअर्ज. ४ जून १८८३ला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. २८ जूनला त्यांनी रोझेलहून फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला पत्र लिहिलं. वय अठरा. या पत्राची बांधणी बघण्यासारखी आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे त्या आधीच मान्य करतात आणि आपलं प्रकरण अपवादात्मक असल्याने सांभाळून घ्या म्हणतात. प्रकृती चांगली असल्याचं सांगतात. आप्त आणि जात यांच्या एकजुटीच्या विरोधाला न जुमानता इथवर आणणारा निश्चय हीच आपली पात्रता, असा युक्तिवाद करतात. आणि मग हेतू : आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शिकायचंय. स्वतःसाठी काही मागत नाही, कामासाठी लायक होण्यापुरतं मागते. इथे धर्माची ग्वाही नाही आणि वाळीत टाकण्याची चर्चा नाही. इथला वाचक वैद्यकीय कॉलेज आहे, म्हणून बोलणं गरज, हेतू आणि निश्चय यांचंच.

डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला.

दोन गोष्टी मात्र इतिहासवाल्याच्या डोळ्यांतून सुटता कामा नयेत. पहिली प्रकृतीची. निघण्याआधीच्या काळात आनंदीबाईंना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप असा त्रास होता, कार्पेंटर बाई तिकडून औषधं पाठवत होत्या. पत्रात मात्र तब्येत ठीक आहे. प्रवेशअर्जाला आत्मचरित्र समजून वाचलं तर आपण फसतो. तो कागद काहीतरी मिळवण्यासाठी लिहिलेला असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण त्याचं काम लक्षात ठेवूनच त्याला साधन म्हणून वापरायचं.

दुसरी गोष्ट बाळाची. आज कुणीही सल्लागार म्हणेल, की पहिला परिच्छेद दहा दिवसांच्या बाळाचा घ्या, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. या पत्राचा जो भाग पुन्हापुन्हा छापला जातो, त्यात ते बाळ नाही. दुःख हेतूच्या मागे उभं आहे, पण विकायला मांडलेलं नाही. पुढे पदवीसाठी आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. जे अर्जात सांगितलं नाही, ते अभ्यासाचा विषय झालं.

बडोद्याचा करार

दुसरं उदाहरण तीस वर्षांनंतरचं. १९१३ साली बी.ए. झालेले तरुण भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी उभे होते. त्यांचा ‘पर्सनल एसे’ तोंडी झाला. धनंजय कीरांच्या चरित्रात तो प्रसंग येतो. महाराजांनी विचारलं, काय शिकणार? उत्तर : समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त. पुढचा प्रश्न, शिकून काय करणार? उत्तर : या अभ्यासातून आपल्या समाजाची अवस्था सुधारण्याचे मार्ग सापडतील.

उत्तराचा क्रम बघा. आधी विषय आला, मग त्याचा उपयोग. सोसलेल्या अपमानांची यादी तिथे दिलेली नाही. ती त्यांनी पुढे लिहिली, पण आपल्या वेळी आणि आपल्या अटींवर.

शिष्यवृत्ती फुकटची नव्हती. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. म्हणजे हेतू नुसता ऐकून घेतला गेला नाही, तो कायदेशीर बंधनात बांधला गेला. अर्जातल्या ‘मी अमुक करीन’ या वाक्याला किंमत असते, हे आपण विसरतो. आजही अनेक सरकारी शिष्यवृत्त्यांच्या अर्जासोबत हमीपत्र असतं. एसओपीत ‘देशात परत येऊन’ असं लिहिताना त्या वाक्याचा दुसरा वाचक कोण आहे, हे तपासून घ्या.

आंबेडकर जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात एम.ए. आणि पुढचं संशोधन केलं आणि १९१६ साली लंडनला गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, पदवीपूर्व प्रवेशासाठी, त्याच कोलंबियाने आपला अर्जाचा नमुना बदलला. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचा दुसरा आणि कमी देखणा इतिहास तिथून सुरू होतो.

परीक्षेकडून ‘चारित्र्या’कडे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत पदवीचा प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर असे. १९०० साली कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड स्थापन झालं आणि एकाच परीक्षेवर अनेक कॉलेजांत प्रवेश मिळू लागला. पास झालात, फी भरलीत, की आत. यात एक गोष्ट घडली जी कॉलेजच्या चालकांनी धरली नव्हती. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकलेली मुलं धडाधड पास होऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० साली पहिल्या वर्गात ज्यू विद्यार्थी ७ टक्के होते, १९२२ साली २१.५ टक्के झाले.

मग कोलंबियाने १९१९मध्ये नवा अर्ज काढला. त्यात नुसते गुण नव्हते. जन्मस्थळ, धर्म, वडिलांचं नाव आणि जन्मगाव, आईचं माहेरचं नाव, फोटो, वर प्रत्यक्ष मुलाखत. हार्वर्डने १९२२मध्ये आणखी पुढचा प्रश्न घातला : जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? असल्यास सविस्तर सांगा. आडनाव बदलून ज्यू ओळख झाकणारे सापडावेत, हा सरळ हेतू.

हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ साली ज्यू विद्यार्थ्यांवर उघड मर्यादा घालायचा विचार मांडला. गदारोळ झाला. प्राध्यापकांच्या समितीने १९२३मध्ये उघड कोटा नाकारला. पण आकडा वाढतच राहिला, १९२५मध्ये तो २७.६ टक्क्यांवर गेला. मग १९२६मध्ये नियम असा झाला, की पहिल्या वर्गात एक हजारच विद्यार्थी घ्यायचे आणि निवड करताना ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ याला वजन द्यायचं. कोटा हा शब्द कुठेच नाही. तरी आकडा पुन्हा १५ टक्क्यांच्या आसपास आला. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी ‘द चोझन’ या २००५च्या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या दफ्तरांतून हा सगळा व्यवहार उलगडून दाखवला आहे. पीएचडीला निघालेल्यांनी हे पुस्तक वाचाच. संस्थेच्या रूक्ष पत्रव्यवहारातून हेतू कसा वाचायचा, याचा तो धडा आहे.

इथे एक सावधगिरी. ‘प्रवेशाचा निबंध ज्यू मुलांना अडवण्यासाठी शोधला गेला’ असं एका वाक्यात म्हणणं सोपं आहे, आणि समाजमाध्यमांवर ते तसं फिरतंही. खरं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. त्या काळात आली ती एक अख्खी पद्धत : लांबलचक अर्ज, फोटो, मुलाखत, शिफारसपत्र, शाळेबाहेरच्या उपक्रमांची चौकशी. निबंध हे त्याच घराण्यातलं अपत्य. या पद्धतीचा गाभा असा, की परीक्षेचा गुण मोजता येतो आणि त्याला आव्हान देता येतं. ‘व्यक्तिमत्त्व’ मोजता येत नाही, त्यामुळे नकाराचं कारण सांगावं लागत नाही. आपल्याकडे ज्यांनी तोंडी परीक्षेत लेखीपेक्षा फार वेगळे गुण पडलेले पाहिले असतील, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

तीच किल्ली, दोन्ही कामं

पण गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. इतिहास इतका सरळ नसतो.

१९६०-७०च्या दशकांत, नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, हीच ‘संपूर्ण माणूस बघा’ पद्धत काळ्या आणि इतर वगळलेल्या विद्यार्थ्यांना आत घेण्यासाठी वापरली गेली. १९७८च्या बाकी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक जागा राखून ठेवणं नाकारलं, पण अनेक घटकांपैकी एक म्हणून वंशाचा विचार करायला मुभा दिली. न्यायमूर्ती पॉवेल यांनी नमुना म्हणून हार्वर्डचीच पद्धत पुढे केली. दार लावायला घडवलेली किल्ली दार उघडायला लागली होती. त्याच सुमारास, १९७५मध्ये, पंधरा कॉलेजांनी मिळून एकच सामाईक अर्ज सुरू केला, तो ‘कॉमन ॲप्लिकेशन’. आज एक हजाराहून जास्त संस्था तो वापरतात आणि त्यातला ६५० शब्दांचा निबंध लाखो सतरा-अठरा वर्षांची मुलं दरवर्षी लिहितात.

मग २०१४मध्ये हार्वर्डवर नवा खटला आला. या वेळी तक्रार आशियाई अमेरिकन अर्जदारांच्या वतीने होती. पुराव्यात एक जुनी ओळखीची गोष्ट पुढे आली : ‘पर्सनल रेटिंग’. अभ्यासात आणि उपक्रमांत पुढे असणारे आशियाई अर्जदार व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत सरासरीने मागे पडत होते. जिल्हा न्यायालयाने २०१९मध्ये हा हेतुपुरस्सर भेदभाव नाही असा निकाल दिला. पण २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धतच घटनाबाह्य ठरवली. निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक झरोका ठेवला. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिलं, आणि ते त्याच्या धैर्याशी किंवा क्षमतेशी जोडलेलं असलं, तर विद्यापीठाने ते विचारात घ्यायला हरकत नाही. मात्र निबंधाच्या आडून जुनी पद्धत परत आणायची नाही.

याचा परिणाम काय झाला, ते लक्षात घ्या. जो प्रश्न आधी अर्जातल्या एका चौकटीत टिक करून संपत होता, तो निबंधात आला. भेदभाव सोसलेल्या मुलाने आता तो नुसता सोसून भागत नाही, तो चांगल्या इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत, प्रेरणादायी शेवटासह सांगावाही लागतो. गोपाळरावांकडे वाइल्डर यांनी जी मागितली होती, ती अंधाराकडून उजेडाकडे जाणारी गोष्ट आता वेगळ्या वेषात परत आली आहे.

पायजम्याला पडलेलं भोक

साच्याचं पुढे काय होतं, याचा एक मजेदार पुरावा इंग्लंडात सापडतो. तिथे पदवीचे सगळे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात. २००७मध्ये यूकॅसने सुमारे ५० हजार पर्सनल स्टेटमेंट्स नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासली. त्यात २३४ जणांनी, आपण आठ वर्षांचे असताना रसायनांचा खेळ करताना पायजमा जाळून भोक पाडलं होतं, अशी आठवण लिहिली होती. एकच पायजमा, २३४ मालक! आजारी आजोबांची आठवण १७५ जणांना आली होती.

हसू येतं, पण यात दोष नुसता मुलांचा नाही. ‘तुमची खरी आवड दाखवणारा प्रसंग सांगा’ असं विचारलं, की ज्यांच्याकडे तसा प्रसंग नसतो ते तो उसना आणतात. खरेपणाची सक्ती केली की खरेपणाचा साचा तयार होतो. आता चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे पायजमा शोधायला नमुन्यांच्या साइटवरही जावं लागत नाही.

दुसरा पुरावा जास्त गंभीर आहे. मँचेस्टरच्या स्टीव्हन जोन्स यांनी २०१२मध्ये ३०९ स्टेटमेंट्स अभ्यासली. सगळ्या अर्जदारांचे ए-लेव्हलचे गुण सारखे. तरी खासगी शाळांतल्या मुलांच्या लेखनात चुका कमी होत्या आणि अनुभव भारदस्त होते. बापाच्या ओळखीने मोठ्या कंपनीत पंधरा दिवस बसायला मिळालं, की परिच्छेद तयार. सरकारी शाळेतल्या मुलाकडे दुकानातलं शनिवारचं काम होतं, आणि ते कसं मांडायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ६० हजार अर्जदारांच्या निबंधांवर २०२१मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निबंधांचे विषय आणि शैली यांचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध एसएटीच्या गुणांपेक्षाही घट्ट निघाला. गुणांत पैसा दिसतो म्हणून निबंध बघा म्हणावं, तर निबंधात तो अधिकच दिसतो.

यूकॅसने २०२६च्या प्रवेशापासून सलग निबंध काढून तीन सरळ प्रश्न ठेवले आहेत : हा विषय का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. निदान प्रश्न कुठला आहे हे सगळ्यांना सारखं दिसेल, असा त्यामागचा विचार.

मग आपण काय करायचं?

इतका इतिहास वाचून कुणी म्हणेल, हा सगळा खेळच खोटा, मग नमुना उतरवून मोकळं व्हावं. मला तसं वाटत नाही. हा इतिहास आपल्याला तीन कामाच्या सवयी देतो.

पहिली, प्रश्न वाचा. पीएचडीचे अर्ज आणि पदवीचे अर्ज यांत गल्लत करू नका. बर्कलीसारख्या काही विद्यापीठांत दोन वेगळे कागद असतात : स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट. पहिल्यात संशोधनाचा प्रश्न, पद्धत, साधनं आणि हा विभागच का, हे हवं. दुसऱ्यात तुम्ही इथवर कसे आलात, ते. पहिल्यात बालपण घातलं तर जागा वाया जाते. आणि पहिल्याचा वाचक प्रवेश कार्यालयातला माणूस नसतो, तो तुमच्याच विषयातला प्राध्यापक असतो. त्याला तुमच्या संघर्षापेक्षा तुमचा प्रश्न किती धारदार आहे हे बघायचं असतं.

दुसरी, पुरावा द्या. ‘मी जिद्दी आहे’ हे वाक्य आनंदीबाईंच्या पत्रात उभं राहतं, कारण लिहिणारी त्या क्षणी खरोखर न्यू जर्सीत बसलेली आहे. तुमच्या अर्जात असा पुरावा कुठला? तुम्ही उघडलेलं दफ्तर, शिकलेली मोडी, घेतलेल्या मुलाखती, प्रबंधातलं एखादं प्रकरण. विशेषणं काढा आणि केलेलं काम लिहा.

तिसरी सवय सगळ्यात महत्त्वाची. अनुभव जखम म्हणून मांडू नका, ज्ञान म्हणून मांडा. समजा, एक मुलगी ऊसतोड कामगाराच्या घरातली आहे आणि तिला श्रमाच्या इतिहासावर संशोधन करायचंय. नमुन्यात बसणारी सुरुवात सगळ्यांना माहीत आहे : कोप, थंडी, अर्धवट सुटलेली शाळा, आईचे हात. हे सगळं खरं आहे. पण तिला आणखी काहीतरी ठाऊक आहे, जे वाचणाऱ्या प्राध्यापकाला ठाऊक नाही. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल दोघांच्या कामावर मिळते, पण ती घेतो पुरुष, आणि नोंद राहते मुकादमाच्या वहीत. मग बाईचं श्रम कागदावर कुठे उमटतं? मुकादमाची वही हे इतिहासाचं साधन होऊ शकतं का? कारखान्याच्या दफ्तरात नसलेला अर्धा कोयता शोधायचा कसा?

हा प्रश्न तिच्या आयुष्यातूनच आला आहे, आणि तरी त्यात दयेची याचना नाही. तो वाचून प्राध्यापक हळहळत नाही, खुर्चीत पुढे सरकून बसतो. तिचं बालपण लपवलं गेलं का? नाही. ते प्रश्नाच्या मागे उभं राहिलं. त्यातलं किती उघड करायचं हे तिच्या हातात राहिलं.

‘मग जात, गरिबी, भेदभाव लिहायचाच नाही का?’ असा प्रश्न मला ज्युनिअर मंडळी नेहमी विचारतात. जरूर लिहा, विशेषतः पर्सनल हिस्टरी मागितली असेल तिथे. ते तुमच्या प्रवासाचे तथ्य आहे, आणि गुणपत्रिकेत एखादं वर्ष का गळालं हे त्याशिवाय कळणार नाही. मात्र लिहायचं तर तथ्यासारखं लिहा : काय झालं, त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला, तुम्ही त्यातून काय उभं केलंत. ते लिहिल्याशिवाय आपल्याला किंमत मिळणार नाही, या भीतीपोटी लिहू नका. आणि एखादी गोष्ट सांगावीशी वाटत नसेल, तर न सांगण्याचा हक्क तुमचा आहे. कुठल्याही विभागाला तुमच्या घरातल्या सगळ्यात वाईट रात्रीवर मालकी नाही.

शेवटचं एक. अर्ज पाठवला की त्याची प्रत जपून ठेवा, नाकारला गेला तरी. आनंदीबाईंचं पत्र उरलं, म्हणून १८८३ साली एका मुलीला काय मागावं लागलं आणि काय गिळावं लागलं, हे आपण आज वाचू शकतो. त्याच कॉलेजांना हजारो अर्ज गेले असतील, त्यांतले बहुतेक रद्दीत गेले. पन्नास वर्षांनी कुणीतरी संशोधक २०२०च्या दशकातल्या मराठी विद्यार्थ्यांच्या आकांक्षांवर प्रबंध लिहायला बसेल. त्याला नमुन्यातले २३४ पायजमे मिळावेत, की मुकादमाच्या वहीतला एक खरा प्रश्न, हे सध्या तुमच्या समोरच्या कोऱ्या पानावर ठरतंय.